फुलपाखरू फुलावर, अळी शेंगेत!

हिवाळा सुरू झाला, की बाजारात वाटाणा, पावटा आणि तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. शेंगा सोलताना एखाद्या शेंगेतून हिरवी अळी बाहेर पडते आणि आपण ती शेंग बाजूला टाकतो. ही अळी बहुधा एखाद्या पतंगाची असते. मात्र काही वेळा ती एका देखण्या फुलपाखराचीही असते. 'पी ब्लू' या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निळ्या फुलपाखराचे शास्त्रीय नाव 'लॅम्पिडिस बोइटिकस' असे आहे. लिनियस या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये त्याचे वर्णन केले. आशियाप्रमाणेच युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही ते आढळते.

आकाराने हे फुलपाखरू जेमतेम इंचभर असते. नराच्या पंखांची वरची बाजू जांभळट निळी, तर मादीची बरीचशी तपकिरी असते. पंख मिटल्यावर खालच्या बाजूच्या तपकिरी-पांढऱ्या नागमोडी रेषा दिसतात. मागील पंखाला बारीक शेपटी आणि तिच्याजवळ दोन काळे ठिपके असतात. शेपटी मिशीसारखी आणि ठिपके डोळ्यांसारखे भासतात. हेच डोके समजून पक्षी तेथे चोच मारतो आणि फुलपाखरू पंखाचा तुकडा गमावून निसटते.

कळीपासून शेंगेपर्यंत

मादी पिकाच्या कळ्यांवर व फुलांवर एकेक सुटे अंडे घालते. तूर, चवळी, मूग, उडीद, वाल, वाटाणा ही तिची आवडती पिके होत. ताग आणि पळसाच्या फुलांवरही तिची वाढ होते. त्यामुळे शेतात पीक नसतानाही तिचा वंश चालू राहतो. मोहरीच्या दाण्याहून लहान असलेले हे चपटे, फिकट अंडे काही दिवसांत उबते. बाहेर आलेली अळी लगेच कळी पोखरून आत शिरते. पोखरलेली फुले गळतात. पुढे अळी शेंगेत शिरून कोवळे दाणे फस्त करते. शेंगेवरील गोल छिद्र आणि आतील ओलसर विष्ठा ही तिची खूण होय.

या अळीला मुंग्यांचे संरक्षणही लाभते. तिच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड द्रव पाझरतो. त्याच्या लोभाने मुंग्या तिच्याभोवती वावरतात आणि परजीवी कीटकांना दूर ठेवतात. पूर्ण वाढलेली अळी वाळलेल्या पानांत किंवा जमिनीवरील पालापाचोळ्यात कोषात जाते. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास साधारण महिना-सव्वा महिन्यात पूर्ण होतो.

वेळ चुकली तर...

अळीचे आयुष्य मुख्यतः कळीत आणि शेंगेत जात असल्याने ती उघड्यावर असते तो काळ फार थोडा. शेंगेला छिद्र दिसल्यावर केलेली फवारणी शेंगेच्या सालीवर राहते, आतील अळीपर्यंत क्वचितच पोहोचते. शेतकऱ्याचा खर्च वाया जातो आणि भाजीसाठी तोडायची शेंग असेल, तर औषधाचा अंश ग्राहकाच्या घरापर्यंत येण्याचा धोका वाढतो. शिवाय अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांचाही बळी जातो.

कीड नेमकी ओळखणेही तितकेच महत्त्वाचे आहे. घाटे अळी पूर्ण वाढल्यावर इंचाहून लांब होते आणि अनेकदा अर्धे शरीर शेंगेबाहेर ठेवून दाणे खाते. निळ्या फुलपाखराची अळी त्याच्या निम्म्याएवढी, आखूड आणि गोगलगायीसारखी चपटी असते. घाटे अळीच्या पतंगासाठी लावलेले कामगंध सापळे या फुलपाखराला आकर्षित करत नाहीत. ते दिवसा उडत असल्याने रात्रीच्या प्रकाश सापळ्यांचाही उपयोग होत नाही.

म्हणूनच पीक कळीवर येताच शेतात फेरी मारून कळ्या तपासणे, त्याच वेळी पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करणे, किडलेल्या शेंगा तोडून नष्ट करणे आणि काढणीनंतर पालापाचोळा गोळा करणे हे उपाय उपयुक्त ठरतात. रासायनिक औषध वापरावेच लागले, तर फवारणी आणि तोडणी यांत वेष्टनावर सांगितलेले दिवस जाऊ देणे आवश्यक आहे.

एखाद्या शेंगेत अळी निघाली म्हणून सगळी भाजी टाकून देण्याचे कारण नाही. किडलेली शेंग वेगळी काढून उरलेल्या शेंगा स्वच्छ धुऊन वापराव्यात.