भिवंडीचे छायायंत्र

ज्या भिवंडीत यंत्रमागांच्या पाळ्या रात्रंदिवस घड्याळाच्या हुकमतीखाली चालतात, त्या कसब्याची स्वतःची अशी एक वेळ आहे; आणि ती वाचण्यास जाड कागदाचा एक तुकडा व वीतभर दोरा एवढी सामग्री पुरते.

कागदाची मधोमध घडी घालून एक पान सपाट व दुसरे त्यास काटकोनात उभे ठेवावे. मध्यरेषेवर, सपाट पानावर घडीपासून १० सेंटीमीटरवर एक छिद्र आणि उभ्या पानावर ३.५ सेंटीमीटर उंचीवर दुसरे पाडून दोहोंतून ताणलेला दोरा क्षितिजाशी १९.३ अंशांचा, म्हणजे भिवंडीच्या अक्षांशाएवढा, कोन करतो. उभे पान उत्तरेस ठेवले की तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. यंत्र मिटले की दोराही आत मिटतो आणि सारे खिशात मावते.

खरे शास्त्र तासरेषांच्या आखणीत आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, परंतु सपाट पानावरील छाया त्या प्रमाणात सरकत नाही. खालच्या छिद्रापासून निघणाऱ्या मध्यान्हरेषेच्या दोन्ही अंगांस अकरा व एकच्या रेषा अवघ्या ५ अंशांवर, दहा व दोनच्या ११, नऊ व तीनच्या १८, आठ व चारच्या ३०, सात व पाचच्या ५१, तर सहाच्या पुऱ्या ९० अंशांवर पडतात. न्यूरेंबर्गला, जिथे सोळाव्या-सतराव्या शतकांत हस्तिदंताची अशी घडीची यंत्रे घडत आणि गेऑर्ग हार्टमान (१४८९–१५६४) यंत्रांच्या आकृती कागदावर छापीत असे, पहिलीच रेषा साडेअकरा अंशांवर येते.

हे गणित आपणांस परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त स्वतंत्र यंत्राध्याय आहे, आणि विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळे शंकूची जी छाया पडते, त्या पलभेवरून आपले ज्योतिषी स्थळाचा अक्षांश जाणीत. भिवंडीची पलभा ४.२ अंगुळे, दहास साडेतीन हे आपल्या कागदाचे प्रमाण तेच आहे.

प्रमाण रेखावृत्ताच्या सुमारे साडेनऊ अंश पश्चिमेस असल्यामुळे येथे छायेचे बारा वाजतात तेव्हा मनगटी घड्याळात सरासरी १२ वाजून ३८ मिनिटे झालेली असतात. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे व कललेल्या अक्षामुळे फेब्रुवारीच्या मध्यास हा क्षण १२.५२ पर्यंत लांबतो, नोव्हेंबरच्या आरंभी १२.२१ वर येतो.

प्रमाणवेळेवाचून रेल्वेचा वा सरकारी कारभार चालणार नाही, हे निर्विवाद. तरीही इथल्या शाळांनी भूगोलाच्या तासास हे यंत्र मुलांकडून करवून घ्यावे, कारण साडेतीन सेंटीमीटरवरचे छिद्र ज्याने स्वहस्ते पाडले, त्याला आपल्या गावाचा अक्षांश पाठ करावा लागत नाही.