सिंहस्थ ते सिंहस्थ : त्र्यंबकच्या कॉलेजातली मुलं आणि त्यांचे सर

त्र्यंबकेश्वरात जुन्या आठवणी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या हिशेबाने निघतात. रस्ता रुंद झाला तो अमुक सिंहस्थाच्या वेळी, थोरलीचं लग्न झालं ते त्याच्या पुढच्या साली. तोच हिशेब धरून इथल्या कॉलेजशिक्षणाचा २००३च्या सिंहस्थापासून आजवरचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट ठळक दिसते. या काळात प्रवेश मिळणं सोपं होत गेलं, टिकणं मात्र अवघडच राहिलं. जी मुलं टिकली, त्यांच्यामागे बहुधा कुणी तरी एक सर किंवा मॅडम हात धुऊन लागले होते.

मुलांना टिकवण्याच्या या धडपडीची मुळं नाशिकात जुनी आहेत. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ची आणि तिचं हं. प्रा. ठा. कॉलेज १९२४चं. खेड्यातला मुलगा शिकायचा तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्या पिढीने ओळखलं होतं. म्हणून बोर्डिंग हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागात दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने हेच केलं.

त्र्यंबकेश्वर वेगळा तालुका झाला १९९९ मध्ये. म्हणजे २००३च्या सिंहस्थात तो नवाच होता. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर, कातकरी अशी इथली बहुसंख्य वस्ती. हरसूलकडच्या पाड्यावरून कॉलेजला यायचं तर फाट्यापर्यंत पायी, तिथून एस.टी., आणि पावसाळ्यात ती वेळेवर येईलच याचा नेम नाही. आणि येणारं पोर बहुधा घरातून कॉलेजची पायरी चढणारं पहिलंच.

हजेरीपटाचं इथलं गणित शेतीवर चालतं. जुलैत वर्ग भरायला सुरुवात होते, तेव्हाच भाताची आवणी असते. पोरं चिखलात. दिवाळीच्या मागे-पुढे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीचं काम निघतं. अख्खं घर तिकडे मुक्कामाला जातं आणि नेमकी तेव्हाच पहिल्या सत्राची परीक्षा येते. कॅटलॉगात सलग चार आठवडे ‘गैरहजर’ मांडून मोकळं होणं नियमाला धरूनच आहे. पण ज्याला आस्था आहे तो शिक्षक वर्गात विचारतो, “याच्या पाड्यावरचं कोण आहे रे?” मग निरोप जातो, मुकादमाचा नंबर मिळतो आणि थेट बागेत फोन लागतो : “सोमवारी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे. एक खाडा कर, पण ये.” वर्ष वाचतं ते अशा फोनने.

मैदानावरही हेच दिसलं. २०१५चा सिंहस्थ आला तोवर तालुक्याला कविता राऊत हे नाव मिळालं होतं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली घडली, २०१०च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्य मिळवलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्येही धावली. याच प्रशिक्षकांकडे चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव तयार झाली. २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचं रौप्य आणलं. पाड्यावरच्या पायांत दम पहिल्यापासून होता. रोज पहाटे मैदानावर घड्याळ घेऊन उभं राहणारं माणूस मिळाल्यावर त्याची पदकं झाली.

शिक्षकाच्या आस्थेचं हे मोल भावनेपोटी सांगितलेलं नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने तीस हजारांवर पदवीधरांची पाहणी केली. माणूस म्हणून आपली काळजी घेणारे आणि शिकण्याची गोडी लावणारे शिक्षक, शिवाय स्वप्नांना बळ देणारा मार्गदर्शक ज्यांना लाभला, ते पुढे नोकरीत मनापासून रमण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. तिन्ही गोष्टी मिळाल्याचं ठामपणे सांगणारे मात्र जेमतेम १४ टक्के होते. श्रीमंत देशातही ही चैनच म्हणायची.

गेल्या काही वर्षांत इथल्या सरांचं काम बदललं. शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर गेली. आता जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं यातलं एक जरी अडलं तरी अर्ज परत येतो. घरी सांगणारं कुणी नसतं. तेव्हा कॉलेजच्या संगणकासमोर विद्यार्थ्याशेजारी बसून, “नाव आधारवर आहे तस्संच लिही, वडलांच्या नावातला काना सोडू नकोस,” असं सांगणाऱ्या मॅडम कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त मोलाच्या ठरतात. करोनाकाळात डोंगराआड रेंज नव्हती, तेव्हा पोरांशी संबंध टिकवला तोही अशाच शिक्षकांनी.

मध्यंतरी या आस्थेचं कलम झालं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या २०१७च्या नव्या चौकटीत मार्गदर्शक शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे विचारलं जाऊ लागलं. कल्पना चांगलीच. पण पुष्कळ ठिकाणी ती फायलीत जाऊन बसली : सह्या पूर्ण, भेटी कागदावर. कारण उघड आहे. पदं रिकामी, आणि वर्ग सांभाळणारे अनेकजण तासिका तत्त्वावर. त्यांना पैसे तासाचे मिळतात. बागेत केलेल्या फोनचे, पोर्टलसमोर घालवलेल्या दुपारचे नाहीत. पुढच्या वर्षी आपणच इथे असू की नाही, हे ज्याला माहीत नाही, त्याने मुलाला तीन वर्षं धरून ठेवायचं कसं?

तरी ते करतात, हे त्यांचं मोठेपण. पण व्यवस्थेने त्या मोठेपणावर किती काळ गुजराण करावी? माया हुकमाने येत नाही हे खरं. मायेला लागणारा वेळ मात्र हुकमाने देता येतो. पूर्णवेळ भरलेली पदं, ठरावीक मुलांमागे एक कायमचा शिक्षक आणि द्राक्षछाटणीचा हंगाम बघून आखलेलं परीक्षेचं वेळापत्रक, एवढं झालं तरी पाड्यावरच्या पोरांचं टिकणं कुणा एकाच्या भलेपणावर अवलंबून राहणार नाही.