भाकितामागचे हितसंबंध

डिसेंबर १९९८ मध्ये हेन्री ब्लॉजेट या न्यूयॉर्कमधील तरुण विश्लेषकाने ॲमेझॉन कंपनीचा शेअर वर्षभरात ४०० डॉलर्सवर जाईल, असे भाकीत केले. तेव्हा भाव होता सुमारे २४० डॉलर्स आणि कंपनी तोट्यात होती. भाकीत प्रसिद्ध होताच खरेदीची झुंबड उडाली व महिनाभरातच चारशेचा टप्पा ओलांडला गेला. कंपनीचा तोटा काही तेवढ्यात संपला नव्हता; बदलली होती ती खरेदीदारांची मनःस्थिती. पंचांगात लिहिला म्हणून पाऊस पडत नाही. शेअरबाजारात मात्र भाव चढेल असे वजनदार माणसाने म्हटले, की तो चढतो.

या भाकिताने ब्लॉजेट यांची कीर्ती झाली. १९९९ मध्ये मेरिल लिंच या बलाढ्य पेढीने त्यांना आपल्याकडे घेतले. कंपन्यांच्या भागविक्रीची कामे मिळविणे हाही या पेढीचा व्यवसाय होता. म्हणजे जिच्याकडून मोबदला मिळवायचा, तिच्याच शेअरविषयी निःपक्ष मत द्यायचे! २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल इलियट स्पिट्झर यांनी पेढीतील अंतर्गत पत्रव्यवहार उघड केला, तेव्हा ग्राहकांना सुचविलेल्या काही शेअरांची खासगीत टाकाऊ म्हणून संभावना होत होती, असे दिसून आले. दोष मान्य न करता पेढीने १० कोटी डॉलर्स भरले. पुढच्या वर्षी ब्लॉजेट यांना ४० लाख डॉलर्स भरावे लागले व रोखे व्यवसायाची दारे त्यांना कायमची बंद झाली.

पण सारा दोष विश्लेषकांच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. तेजीच्या उन्मादात ‘विका’ म्हणणारा सल्लागार ग्राहकालाही नकोच असतो. माल्कम बेकर व जेफ्री वर्गलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की उत्साहाला भरती आली असता लहान, नव्या व नफा नसलेल्या कंपन्यांचे शेअर विशेष महागतात आणि पुढील काळात त्यांचाच परतावा तुलनेने उणा पडतो. जिच्या हिशेबाला पूर्वेतिहासच नाही, तिच्याविषयी कोणतेही स्वप्न खपते!

मार्च २००० मध्ये पाच हजारांवर गेलेला नॅस्डॅक निर्देशांक ऑक्टोबर २००२ मध्ये अकराशेच्या आसपास आला. ॲमेझॉनचा शेअर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. कंपनी बुडाली नाही, उलट पुढे भरभराटली. तरी १९९९ च्या अखेरीच्या चढ्या भावाने शेअर घेणाऱ्यास आपले मुद्दल पुन्हा दिसावयास २००९ साल उजाडले. कंपनी चांगली असणे आणि तिचा भाव रास्त असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे ‘सेबी’ने २०१४ मध्ये विश्लेषकांसाठी नियमावली केली. भागविक्रीच्या विशिष्ट व्यवहारावर विश्लेषकाचे वेतन ठरविण्यास तीत मनाई आहे आणि अहवालात हितसंबंधांचा खुलासा देणे बंधनकारक आहे. हा खुलासा बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतो. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे बाजारात घालू पाहणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने पहिल्या पानावरील ठळक भाकितापूर्वी तोच वाचावा.