आठ सेकंदांच्या फ्लॉपीपासून

सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज १.४४ एमबीच्या फ्लॉपीत जेमतेम आठ सेकंद मावतो. १९८८ साली अकाईचा एस१००० सॅम्पलर आला, तेव्हा तयार आवाज यंत्रात आणण्याचा रस्ता असल्याच चकत्यांवरून जात होता. ड्रमचा ठोका, पियानोचा एखादा सूर, एवढाच ऐवज. मोठं वाद्य हवं असेल तर फ्लॉपीमागून फ्लॉपी भरत बसायचं.

संगणकाकडे तर आवाजच नव्हता. १९८९चं क्यूबेस हे संगीताचं सॉफ्टवेअर अटारी संगणकावर चाले, पण त्यात फक्त मिडी: कोणती पट्टी, कधी, किती जोरात दाबली याची नोंद. डिजिडिझाइनचं प्रो टूल्स १९९१ मध्ये आलं ते चार ट्रॅक घेऊन, आणि त्यासाठी महागडं हार्डवेअर लागे. निव्वळ प्रोसेसरच्या जोरावर आवाज हाताळणारं क्यूबेस व्हीएसटी यायला १९९६ उजाडलं.

फाइलींचंही घराणं एक नव्हतं. ॲपलची एआयएफएफ १९८८ची. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमची वेव्ह १९९१ची. आत आवाज तोच, पण बाइट्सचा क्रम उलटा. तो वाद सॉफ्टवेअरनं कधीच मिटवला.

सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे याचा वाद मात्र पुरता मिटला नाही. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ, व्हिडिओचा ४८. पहिल्या दराची फाइल रूपांतर न करता दुसऱ्या दरानं वाजली, तर ती जवळजवळ नऊ टक्के जलद धावते. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं. तिथे पेटीला पट्टीच नाही!

खरी उलथापालथ केली ती १९९८च्या ॲसिडनं. सोनिक फाउंड्रीच्या या सॉफ्टवेअरमध्ये लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, माउसनं ओढून टाकला, की तो सुराला धक्का न लावता प्रोजेक्टच्या लयीत बसे. त्याआधी, १९९४ पासून, रिसायकल हे सॉफ्टवेअर ठोक्याठोक्यावर लूपचे तुकडे पाडून देत होतं. २००१ मध्ये एबलटन लाइव्हनं हे लवचीकपण थेट मंचावर नेलं. नृत्यसंगीताला ते वरदान ठरलं. आलापीला नाही. लांब फाइल आत येताच आपणहून ठोके शोधणारी सेटिंग चालू राहिली, तर ठोका नसलेल्या आलापातही सॉफ्टवेअर ठोके बसवू पाहतं.

एमपी३नं आणखी एक खोड आणली. एन्कोडिंगमध्ये सुरुवातीला बारीकशी शांतता जोडली जाते आणि लूपचा सांधा निसटतो.

२०१९ मध्ये डीझर कंपनीनं स्प्लीटर हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं आणि मिसळलेल्या गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणं घरच्या संगणकावर आलं. २०२४च्या लॉजिक प्रो ११ मध्ये तर ही सोय आतच आहे. स्वच्छ मूळ ट्रॅकची सर मात्र त्याला नाही.

म्हणून रेकॉर्डिंग दुसऱ्या स्टुडिओत पाठवताना सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू करा, वेव्हमध्येच काढा आणि फाइलच्या नावात लय व सॅम्पल रेट लिहा.