आशियाई क्लब स्पर्धेतील प्रवेश आणि कोल्हापूरचा तालीम-फुटबॉल

कोल्हापुरात पाटाकडील व दिलबहार या तालीम मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते. असा संघ आशियाई क्लब स्पर्धेत का दिसत नाही, असा प्रश्न शिरोळसारख्या तालुक्यातील विद्यार्थ्यांनाही पडतो. प्रस्तुत लेखात त्या प्रवेशप्रक्रियेचा विचार केला आहे.

आशियाई फुटबॉल महासंघ जागा देतो त्या देशांना. त्या जागी कोणता क्लब जाणार हे देशातील सर्वोच्च साखळी अथवा चषक स्पर्धेवरून ठरते. इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत 2021-22 मध्ये जमशेदपूर, तर 2022-23 मध्ये मुंबई सिटी अव्वल ठरला. परंतु आशियाई स्पर्धेचे वेळापत्रक बदलल्याने दोघांत मिळून जागा एकच उरली. 4 एप्रिल 2023 रोजी मुंबईने जमशेदपूरला 3-1 असे नमवून ती मिळविली.

केवळ विजय मात्र पुरत नाही, क्लबपरवाना लागतो. त्यासाठी आर्थिक हिशेब, युवा संघ, पात्र प्रशिक्षक आणि मैदान तपासले जाते. खरी मेख येथेच आहे. मुंबईसारख्या धनाढ्य क्लबलाही घरचे काही सामने अंधेरीऐवजी पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. 6 नोव्हेंबर 2023 रोजी सौदी अरेबियाचा अल हिलाल नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला.

तालमीच्या संघाला जिल्हा साखळी जिंकून या शिडीवर आपोआप स्थान मिळत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तो व्यक्ती म्हणून. वर्गणीवर आणि पेठेच्या अभिमानावर चालणाऱ्या मंडळाने लेखापरीक्षण व युवा प्रशिक्षण कसे उभारावे, हा प्रश्न क्रीडाविभागाइतकाच वाणिज्य विभागाच्याही अभ्यासाचा आहे. 2023 मध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा क्लब सर्वोच्च साखळीत गेला, तोही परवान्याची अट पूर्ण केल्यावरच.