कुसळ गवताची ओळख

'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' ही म्हण आपण सारेच वापरतो. आपल्या वऱ्हाडी बोलीत कुसळाला 'कुसय' म्हणतात. म्हणीतले कुसळ सर्वांना ठाऊक आहे. पण ते ज्या गवताचे, त्या गवताकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? आज त्याची ओळख करून घेऊ.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या गावातल्या एका बाईची बकरी दोन दिवस चारा खाईना. पाला पुढे केला की तोंड फिरवी. तोंडातून लाळ गळे. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, रोग आला. अंगाराही लावून झाला. तिसऱ्या दिवशी बाईने बकरी जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी जबडा उघडून पाहिला, तो काय! गाल आणि दाढा यांच्यामध्ये कुसळांचा बोळा रुतून बसला होता. टोके हिरड्यांत घुसली होती. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक कुसळ काढले आणि औषध लावले. दुसऱ्या दिवशी बकरी चरू लागली. त्या बाईचे घर बकरीच्या दुधावर आणि पिलांवर चालत होते. आणखी दोन दिवस गेले असते तर?

गवताएवढी क्षुल्लक वस्तू नाही असे आपण म्हणतो. पण ते ओळखता आले नाही तर घरचे दूध आटते.

गवत कसे ओळखावे?

गवताचे कूळ फार मोठे आहे. ज्वारी, गहू, तांदूळ, ऊस, बांबू ही सारी त्याच कुळातली. या कुळाच्या खुणा साध्या आहेत. मुळ्या झुबक्यासारख्या असतात, सोटमूळ नसते. ताटाला पेरे असतात. पाते पेरापासून निघते आणि थोडे अंतर ताटाला लपेटून मग बाहेर पडते. ज्वारीचे धांडे हातात घेऊन पाहा, हे सारे दिसेल.

कुसळ गवत म्हणजे याच घरातले किडकिडीत पोर. एका जागी झुबका करून उगवते. काड्या दाभणासारख्या बारीक असतात. हलक्या जागी ते वीतभर वाढते. माती आणि पाऊस बरा मिळाला तर गुडघ्याच्या वर जाते. पाती अरुंद असतात, आणि ऊन वाढले की आतल्या बाजूला गुंडाळतात. म्हणजे त्यांतले पाणी कमी उडते.

त्याची पक्की खूण मात्र कणसात आहे. कणीस बारीक व मोकळे असते. त्यातले एक बी सोडवून तळहातावर घ्या. त्याच्या शेंड्याला तीन लांब केस दिसतील. एक नाही, दोन नाही, बरोबर तीन. हीच ती कुसळे.

शास्त्रज्ञ या गवताला 'ॲरिस्टिडा' म्हणतात. लॅटिन भाषेत 'अरिस्टा' म्हणजे कुसळच. म्हणजे त्यांनीही नाव ठेवले ते आपल्यासारखेच. यातली एक जात 'ॲरिस्टिडा ॲडसेन्शिओनिस'. हे नाव स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली दिले. अटलांटिक महासागरात असेन्शन नावाचे लहानसे बेट आहे, त्यावरून ते पडले. तेच गवत आफ्रिकेत आहे, अमेरिकेत आहे आणि आपल्या बरड माळावरही आहे. उष्ण प्रदेशातला हा मोठा प्रवासी आहे.

याच्या शेजारी आणखी एक कुसळवाले गवत दिसते. त्याला काळी कुसळी म्हणतात. त्याच्या बियांना तीन नव्हे, एकच लांब, पिळाचे कुसळ असते. वाळल्यावर ही कुसळे एकमेकांत गुंतून त्यांची शेंडी होते. दोन्ही गवते टोचतात, पण ती वेगळी आहेत. काळी कुसळी मुळाच्या गड्ड्यातून वर्षानुवर्षे फुटते. तीन कुसळांचे आपले गवत एकाच पावसाळ्याचे सोबती.

कुसळ आत घुसते कसे?

लहानपणी आपण एक खेळ खेळत असू. गव्हाची ओंबी देठाकडून सदऱ्याच्या बाहीत सरकवायची आणि हात हलवत राहायचे. ओंबी आपोआप खांद्याकडे चढे. मागे ओढली तर येत नसे. कारण तिच्या कुसळांवर बारीक दाते असतात. ते एकाच दिशेला वळलेले असतात. एका बाजूला वाट, दुसऱ्या बाजूला अटकाव.

कुसळ गवताच्या बियाचेही तसेच आहे. त्याचे खालचे टोक सुईसारखे असते. टोकावर बारीक केस असतात आणि ते मागे वळलेले असतात. टोक मातीत शिरले की केस त्याला मागे येऊ देत नाहीत. वरची तीन कुसळे वाळल्यावर तिवईसारखी फाकतात. वारा त्यांना ढकलतो आणि बी टोक खाली करून पडते.

गवताने ही सोय केली ती आपले बी मातीत पेरण्यासाठी. पण त्या सुईला माती कोणती आणि कातडी कोणती हे कळत नाही. मेंढीच्या लोकरीत ते गुंतते, कातडीत उतरते. जनावराच्या डोळ्यात, नाकात, हिरड्यांत जाते. लोकर खराब होते आणि जनावर वाळते.

डोळ्यात कुसळ गेले तर डोळा चोळू नये, जनावराचा असो की माणसाचा. चोळल्याने ते आणखी आत जाते. दवाखान्यात जावे. ढोरे आणि बकऱ्या दसऱ्यानंतर माळावर चरत असतील तर दर दोन-चार दिवसांनी त्यांचे तोंड उघडून पाहावे.

एका पावसाळ्याचे आयुष्य

मृगाचा पाऊस पडला की मातीतले बी रुजते. आषाढ-श्रावणात गवत हिरवे असते. तेव्हा कुसळ आलेले नसते आणि ढोरे ते खातात. भाद्रपदात कणसे निघतात. दसऱ्यापर्यंत गवत पिवळे पडते. दिवाळीला बी झडू लागते. पुढे उन्हाळ्यात झुबका मुळासकट मरतो. मागे उरते ते फक्त बी.

ही गोष्ट नीट ध्यानात धरा. हरळी खुरपली तरी मुळाच्या तुकड्यातून पुन्हा फुटते. कुसळ गवताला ती सोय नाही. त्याची सारी भिस्त बियावर. बी पडले नाही तर पुढच्या वर्षी त्याचे पीकही नाही.

ते कुठे उगवते?

जुने लोक वऱ्हाडचे तीन भाग सांगत. उत्तरेला मेळघाट, म्हणजे गाविलगडचे डोंगर. मध्ये पयनघाट, म्हणजे पूर्णा नदीचे खोरे. दक्षिणेला बालाघाट, म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा उंच भाग. पयनघाटात काळी, भारी जमीन आहे. तिथे कापूस, तूर, सोयाबीन होते. डवरणी आणि निंदण चालू असते, म्हणून कुसळ गवताला तिथे फारसा थारा नाही. ते सापडते ते मुरमाड, बरड जागी. पातूर, बार्शीटाकळीकडच्या टेकड्यांवर, अमरावतीजवळ पोहऱ्याच्या बाजूला, गाडरस्त्याच्या कडेला, पडीक रानात आणि गावच्या गायरानात. गायरानाला आपल्याकडे 'ई क्लास' म्हणतात.

अशा जागी मातीचा थर चार बोटेही नसतो. अकोल्याला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पाऊस मुख्यतः चार महिन्यांचा. मुरमात पाणी टिकत नाही. तरी हे गवत तिथे जगते, कारण ते घाई करते. ओल आहे तोवर उगवायचे आणि बी टाकून मोकळे व्हायचे. शिवाय ज्वारी, बाजरी, मका यांची जी कडक उन्हात थोड्या पाण्यावर अन्न तयार करण्याची रीत आहे, तीच या गवताचीही आहे.

माळावर कुसळच कुसळ का झाले?

आमच्या गावचा एक म्हातारा ढोरकी एकदा मला म्हणाला, "गुर्जी, पयले अथी पवन्या कमरीइतला राहे. आता पाहा, कुसयच कुसय." तो खरे बोलत होता. शास्त्रज्ञांनीही तेच सांगितले आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवतांविषयी १९७३ साली ग्रंथ लिहिला. त्यात देशातल्या गवताळ रानांचे पाच प्रकार केले. आपला दख्खनचा भाग शेडा आणि मारवेल या चांगल्या गवतांचा, असे त्यांनी म्हटले. अशा रानात चराई फार झाली की आधी ही चांगली गवते जातात. मग काळी कुसळी वाढते. तरीही चराई थांबली नाही तर शेवटी तीन कुसळांचे गवत आणि तशीच हलकी गवते उरतात.

हे कसे होते पाहा. ढोर आधी गोड गवत खाते. पवन्या, शेडा, मारवेल कोवळे असतानाच खाल्ले जातात. त्यांना बी धरायला सवड मिळत नाही. ही गवते मुळात अन्न साठवतात. पुन्हा पुन्हा फुटावे लागले की तो साठा संपतो आणि थोंब मरतो. इकडे कुसळ गवताला कणीस आले की ढोर त्याला तोंड लावत नाही. म्हणून त्याचे बी मात्र सुखाने पडते. चांगल्याचे बियाणे आपणच बुडवतो आणि टोचणाऱ्याचे राखतो. थोंब गेले की माती उघडी पडते, पावसाने धुऊन जाते आणि मुरूम वर येतो. त्या मुरमावर मग कुसळच तग धरते.

तेव्हा कुसळ गवताला नुसता दोष देऊ नका. उघड्या मुरमावर निदान तेवढी तरी चादर ते घालते. गायरान कुसळाने भरले याचा अर्थ गायरान खंगले, एवढे त्याच्याकडून समजून घ्यावे.

आपण काय करावे?

पहिले, कणीस येण्याआधी, श्रावणात, गवत हिरवे असतानाच कापावे आणि ढोरांना घालावे. चाराही मिळतो आणि बीही पडत नाही. दोन-तीन वर्षे नेटाने केले तर फरक दिसतो.

दुसरे, गायरानाचे भाग पाडावे. दरवर्षी एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत बंद ठेवावा. चांगल्या गवताचे बी पडून झाले की ते कापून न्यावे.

तिसरे, पावसाळ्यात धुऱ्यांवर आणि चरांच्या कडेला मारवेलाचे थोंब लावावे.

चौथे, माळ पेटवू नये. काळ्या कुसळीचे बी मातीत शिरलेले असते, ते आगीतून वाचते. जळते ते बाकीचे.

हे होण्यासारखे आहे काय? नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, हिवरे बाजार गावाने १९९० नंतर चराईबंदी पाळली. मोकळी ढोरे सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचे, असा नियम केला. गावात चारा वाढला आणि दूधही वाढले. आपल्या अकोला जिल्ह्यात वडाळ्याच्या फासेपारधी मंडळींनी माळरान राखायचे काम अंगावर घेतले. गवत राहिले तर तितर, ससे, तणमोर यांनाही आसरा राहतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

अडचण एकच आहे. गायरान सर्वांचे, म्हणून ते कोणाचेच नाही. एकाने ढोर बांधले आणि दुसऱ्याने सोडले, तर बांधणारा फसतो. म्हणून हे काम एकट्याचे नाही. ग्रामसभेत बसून ठरवावे लागते आणि ठरले ते सर्वांनी पाळावे लागते. ज्याच्या घरी एकच बकरी आहे, त्याच्या चाऱ्याची सोय मात्र आधी करावी. नाहीतर बंदीचा भार गरिबावरच पडेल.

पुढच्या वेळी पायजाम्याला कुसळे चिकटली तर नुसती झटकू नका. एक हातात घ्या, तीन केस मोजा, आणि ते कोणत्या जागेवरून आले ते आठवा. त्या जागी पूर्वी कोणते गवत होते, हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा.

विचार करा

१. कुसळ गवत आणि काळी कुसळी यांत फरक कोणता?
२. हरळी खुरपून जात नाही, पण कुसळ गवत वेळेवर कापले तर कमी होते. का?
३. तुमच्या गावच्या 'ई क्लास'मध्ये आज कोणती गवते आहेत? पाच नावे लिहा.