कवटी न उघडता होणारा इलाज : मेंदूतील फुटलेल्या ॲन्युरिझमविषयी

मेंदूच्या तळाशी, जेथे धमन्यांना फाटे फुटतात तेथे, रक्तवाहिनीची भित्ती क्षीण होऊन तिला जो फुगवटा येतो त्यास ॲन्युरिझम म्हणतात; प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत तो असतो व बहुतेकांत आमरण फुटत नाही. परंतु ज्या घरी तो फुटतो त्या घरावर आधीच आकाश कोसळलेले असता, इलाजाविषयीच्या भ्रामक समजुतींनी त्यात भर पडावी, ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते.

पहिला भ्रम डोकेदुखीचा. पित्त झाले असेल, ऊन लागले असेल, असे म्हणून घटका दवडल्या जातात. वस्तुतः ही वेदना क्षणार्धात पराकोटीस पोहोचते, आयुष्यात पूर्वी कधी अनुभवली नव्हती इतकी तीव्र असते, आणि पुष्कळदा तिच्यासोबत वांती, मानेचा ताठरपणा किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे येतात. अशा वेळी सीटी स्कॅन तत्काळ व्हावयास हवा. कारण फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो.

दुसरा भ्रम असा की, कवटी उघडावी लागत नाही त्या अर्थी प्रकरण किरकोळ असावे. नातेवाईक परस्परांस ‘डोक्याची अँजिओप्लास्टी झाली’ असे सांगतात. पण हृदयात बंद झालेला मार्ग खुला करावयाचा असतो, तर येथे मूळ धमनी वाहती ठेवून तिच्या कडेचा फुगवटा तेवढा बंद करावयाचा असतो. १९३७ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी यांनी फुगवट्याच्या मानेवर चिमटा बसविला, त्यानंतर कित्येक दशके कवटी उघडून चिमटा लावणे हाच राजमार्ग होता. १९९० साली इटालियन शल्यविशारद ग्विदो गुल्येल्मी यांनी लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मऊ प्लॅटिनमची वेटोळी प्रथम रुग्णाच्या फुगवट्यात बसविली. जांघेतील अथवा मनगटातील धमनीतून बारीक नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने मेंदूपर्यंत न्यावयाची, तिच्यातून वेटोळे फुगवट्यात सोडावयाचे, ते नीट बसल्याची खातरजमा झाल्यावरच सौम्य विद्युत्प्रवाहाने त्यास तारेपासून विलग करावयाचे, आणि वेटोळ्यांच्या जाळ्यात रक्त गोठून आतील प्रवाह थांबेल अशी तजवीज करावयाची, हे सारे बहुधा पूर्ण भूल देऊनच करतात. आणि त्या ओघात फुगवटा फुटण्याचा किंवा गुठळीमुळे पक्षाघात होण्याचा संभव असतोच.

शिवाय वेटोळे पुढील रक्तस्राव रोखते. जे रक्त आधीच मेंदूभोवती सांडले आहे ते काढून टाकीत नाही. त्या रक्तामुळे साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत धमन्या आकुंचन पावून मेंदूचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. म्हणून निमोडिपिन हे औषध सामान्यतः २१ दिवस देतात, आणि काहींच्या मेंदूत पाणी साचल्याने ते नळीवाटे काढावे लागते. ‘ऑपरेशन उत्तम झाले, मग पेशंट अद्याप आयसीयूत का?’ या कळवळून केलेल्या प्रश्नाचा खुलासा येथे आहे.

मग चिमटा कालबाह्य झाला काय? मुळीच नाही. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१४३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षणात वर्षअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण वेटोळ्याच्या गटात सुमारे २४ टक्के व शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ३१ टक्के आढळले. हा दाखला भक्कम खरा, पण ज्यांना दोन्ही उपाय लागू पडतील असे वैद्यांचे मत होते, अशाच रुग्णांचा तो आहे. फुगवट्याची मान रुंद असेल, किंवा सोबत रक्ताचा मोठा गोळा साचून मेंदू दबत असेल, तर कवटी उघडणेच पुष्कळदा हिताचे ठरते. हा निर्णय दोन्ही विद्यांच्या जाणकारांनी एकत्र बसून करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

वेटोळे कालांतराने दबून फुगवट्यात पुन्हा रक्त शिरू शकते. यास्तव ठराविक मुदतीने तपासणी चुकवू नये. ‘डोक्यात धातू आहे, आता एमआरआय नाही’ ही धास्ती मात्र बहुतांशी निराधार आहे, कारण प्लॅटिनम चुंबकाकडे ओढले जात नाही आणि पुढील तपासण्या पुष्कळदा एमआरआयनेच होतात. केवळ बसविलेल्या साहित्याचा तपशील असलेला कागद जपून ठेवावा व यंत्राजवळ जाण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यास दाखवावा.